घंटा झाल्यापासून पहिल्या आवाजापर्यंत : संगीताच्या तासाला स्वस्तातला स्टुडिओ

संगणकाच्या खोलीत १६ मशीन, वर्गात ३२ मुलं, आठवड्यातून एक तास, तोही ४० मिनिटांचा, आणि सत्र १४ आठवड्यांचं. एवढ्या चौकटीत मुलांना ध्वनिमुद्रण आणि रचना शिकवायची, तीही फुकट किंवा जवळपास फुकट सॉफ्टवेअरवर, असं ठरलं होतं. सत्र नुकतंच संपलं. पुढच्या सत्रात कोणी हे करायला घेणार असेल तर त्याच्या हाताशी असावं म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहोत. कुठे अडलं, किती दिवस वाट पाहिली, पैसे कशात गेले, तेही आहे.

एक आकडा आम्ही सत्रभर वहीत टिपत होतो : घंटा झाल्यापासून शेवटच्या जोडीच्या कानात पहिला आवाज पडेपर्यंत किती मिनिटं गेली. पहिल्या तासाला २६, शेवटच्या तासाला ४. ही मधली २२ मिनिटं कुठे गळत होती ते शोधण्यातच अर्धं सत्र गेलं. सॉफ्टवेअर कोणतं निवडलं याचा त्या गळतीशी फारसा संबंध नव्हता.

तरी सुरुवात निवडीपासूनच झाली, कारण खरेदीच्या अर्जावर सॉफ्टवेअरचं नाव लिहावं लागतं. या जातीच्या सॉफ्टवेअरला बोलताना सगळे ‘डॉ’ म्हणतात. लिहिताना दवाखाना आठवू नये म्हणून इथे डीएडब्ल्यू (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, म्हणजे संगणकावरचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ) लिहितो. गराजबँड फुकट आणि उत्तम, पण ते ॲपलच्याच यंत्रांवर चालतं आणि आमची मशीन विंडोजची. एलएमएमएस मुक्त आहे, तालाचे नमुने आणि सिंथसाठी (संगणकाने तयार केलेल्या वाद्यांच्या आवाजांसाठी) छान आहे. पण त्याच्या १.२ आवृत्तीत माइकवरून ध्वनिमुद्रण होत नाही आणि आम्हाला मुलांचे आवाज हवे होते. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत सगळं वाजतं, सेव्हही होतं, पण सेव्ह केलेला प्रकल्प विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या वर्गाला ते निरुपयोगी. एबलटन लाइव्ह लाइट बऱ्याच मिडी कीबोर्डांबरोबर (संगणकाला जोडायच्या पियानोसारख्या कीबोर्डांबरोबर) येतं आणि ८ ट्रॅकवर थांबतं. ट्रॅक म्हणजे एकेका आवाजाची वेगळी पट्टी. आठ ट्रॅक मुलांना पुरतात खरं म्हणजे, पण १६ मशीनसाठी तेवढी उपकरणं घ्यावी लागली असती. बँडलॅबची शिक्षणासाठीची आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते, फुकट आहे, शिक्षकाला वर्ग उघडून गृहपाठ देता येतो. इंटरनेट भक्कम असेल तर सरळ तीच घ्या, पुढचं अर्धं दुखणं वाचेल. आमच्या खोलीत १६ मशीन एकदम जोडली की गाणं अडखळत होतं, म्हणून ती घरच्या कामापुरती ठेवली.

शेवटी ठरलं ते असं : पहिले दोन आठवडे ऑडॅसिटी, तिसऱ्यापासून रीपर. ऑडॅसिटी मुक्त आहे, एकही परवानगी लागत नाही, आणि ‘आवाज म्हणजे ही रेघ’ हे शिकवायला याहून सोपं काही नाही. रीपरचं डाउनलोड अगदी लहान आहे, जुन्या मशीनवरही ते धावतं, ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतं, आणि शैक्षणिक संस्थांना सवलतीचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. एक लायसन्स अनेक मशीनवर टाकता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर चालवायचं, अशी अट आहे. वर्गात १६ एकदम चालणार, म्हणजे १६ लायसन्स, म्हणजे ९६० डॉलर. यात चालू मुख्य आवृत्ती आणि तिच्या पुढची मुख्य आवृत्ती एवढे अपडेट येतात. ६० दिवसांनंतरही रीपर बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवणीची खिडकी काही सेकंद अडवून धरते. ‘मग विकत कशाला घ्यायचं’ असं कार्यालयातून विचारलं गेलंच. प्रताधिकार शिकवणाऱ्या वर्गात मुदत संपलेलं सॉफ्टवेअर चालवायचं नाही, एवढंच उत्तर दिलं आणि ते पटलं.

रीपर घेण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते अर्जात ठळक लिहिलं. ओसारा नावाची मुक्त जोडणी बसवली की रीपर स्क्रीन रीडरबरोबर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, चालतं. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आणि ओसारा मिळून दृष्टिहीन विद्यार्थी ट्रॅक बनवणं, मुद्रण, कापाकापी, सगळं कळफलकावरून करू शकतो.

अर्ज सत्राच्या पहिल्याच दिवशी दिला. कार्यालयाने तीन दरपत्रकं मागितली. ही अडचण बहुतेक सगळ्यांना येईल, म्हणून काय केलं ते सांगतो : एकाच सॉफ्टवेअरची तीन दरपत्रकं शोधत बसलो नाही. तीन वेगवेगळ्या डीएडब्ल्यूंच्या, १६ मशीनसाठीच्या किमती एका तक्त्यात मांडल्या, प्रत्येकाच्या संकेतस्थळावरचं किमतीचं पान छापून जोडलं आणि खाली निवडीची कारणं चार ओळींत लिहिली. ते चाललं. परकीय चलनात पैसे भरायला आणखी एक सही लागली. लायसन्सची फाइल हातात पडली ४१ व्या दिवशी. रीपर आम्ही १५ व्या दिवशी टाकलं होतं, त्यामुळे चाचणीचे २६ दिवसच खर्ची पडले. सुट्टीतच उत्साहाने टाकून ठेवलं असतं तर मुदत लायसन्स येण्याआधीच संपली असती. आधी अर्ज, मग इन्स्टॉल.

त्याच वेळी पालकांचं संमतीपत्रही पाठवलं. मुलांचे आवाज मुद्रित होणार, ते कुठे साठवणार, कोणाला ऐकवणार, सत्र संपल्यावर किती दिवसांनी पुसणार, हे चार मुद्दे एका पानात. ३२ पत्रं परत यायला तीन आठवडे लागले. ज्यांची आली नाहीत त्यांच्याकडून तोवर टाळ्या, चुटक्या आणि बाकावरचे ठोकेच घेतले.

खरी तयारी मशीनची. १६ पैकी १२ एकसारखी, ४ वेगळी. रीपरच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये ‘पोर्टेबल इन्स्टॉल’ नावाची खूण आहे. ती केली की सॉफ्टवेअर आणि त्याच्या सगळ्या सेटिंग एकाच फोल्डरमध्ये राहतात. एक मशीन नीट लावायचं आणि तो फोल्डर बाकीच्यांवर नकलायचा, असा बेत होता. १२ मशीनवर अर्ध्या तासात झालं. उरलेली चार मुकी. फोल्डरबरोबर ध्वनियंत्राचं (साउंड कार्डाचं) नावही नकललं गेलं होतं आणि त्या नावाचं कार्ड या चारांत नव्हतं. प्रत्येकावर प्रिफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जाऊन कार्ड पुन्हा निवडावं लागलं. दुसरा घोळ याहून गंभीर : खोलीतली मशीन बंद करून चालू केली की मूळ स्थितीत परत येणारी होती. सी ड्राइव्हवर ठेवलेलं काहीही दुसऱ्या दिवशी नाहीसं. संगणक खोली सांभाळणाऱ्यांना ‘रीस्टार्टनंतर कोणता ड्राइव्ह तसाच राहतो’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आमच्याकडे तो डी होता. फोल्डर तिकडे हलवला.

हेडफोन हा खर्चातला मोठा भाग ठरला. ३२ हवेत, कान झाकणारे आणि मागून बंद, कारण उघड्या हेडफोनचा आवाज शेजारच्याच्या माइकमध्ये शिरतो. दोघांना एका मशीनवर बसवायला दुभाजक लागतो. साधा दुभाजक चालतो, पण दोन्ही हेडफोन एकाच मॉडेलचे असू द्या. वेगळ्या अवरोधाचे जोडले तर एकाला मोठं आणि दुसऱ्याला पुटपुटल्यासारखं ऐकू येतं, आणि मग दोघंही आवाज वाढवत नेतात. पिनही पाहून घ्या : तीन काळ्या कड्यांची पिन माइकसकट येणाऱ्या हेडसेटची, दोन कड्यांची साध्या स्टीरिओ हेडफोनची. दोन्ही जाती मिसळल्या तर काही मशीनवर एकाच कानात येतं. ब्लूटूथ हेडफोनला सरसकट बंदी. त्यांत आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहून उशिरा पोचतो. ऐकायला हरकत नाही, वाजवायला अशक्य. आवाजाच्या पातळीसाठी पडद्यावरच्या पट्टीचा एक आकडा ठरवला आणि तो प्रत्येक मॉनिटरवर चिकटपट्टीने लावला.

बाकी सामान बेताचं : दोन माइकचा एक यूएसबी इंटरफेस (माइक संगणकाला जोडायची पेटी), दोन डायनॅमिक माइक, २५ पट्ट्यांचे चार मिडी कीबोर्ड. डायनॅमिक माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला पुरवायची वीज, लागत नाही, खोलीतला गोंगाटही तो कमी उचलतो. कंडेन्सर माइक जास्त बारकावे पकडतो, आणि त्या बारकाव्यांत १६ मशीनचे पंखेही येतात.

पहिले दोन आठवडे ऑडॅसिटीत एकच काम दिलं : एक ते दहा आकडे म्हणून मुद्रित करा आणि ते कापून दहा ते एक करा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण यात निवडणं, कापणं, चिकटवणं, झूम करणं, सगळं येतं. जोडांवर ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो का येतो हे पाहायला पुढचा पाठ आपोआप तयार होतो. लाट मधल्या रेघेच्या वर असताना कापली आणि पुढचा तुकडा रेघेच्या खाली सुरू झाला, तर त्या ठिकाणी स्पीकरला एका क्षणात उडी मारावी लागते. ती उडी म्हणजेच टक्. ऑडॅसिटीत भाग निवडून झेड दाबलं की निवडीच्या कडा जवळच्या शून्य-बिंदूवर सरकतात. कीबोर्डवरच्या त्या एका अक्षराने मुलांना ‘तरंग’ जितका समजला तितका फळ्यावरच्या आकृतीने समजला नसता. नाहीच जमलं तर ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू उतरवणं आणि चढवणं) दोन्ही बाजूंना.

या दोन तासांत पहिल्या आवाजाला लागली २६ आणि २१ मिनिटं. मशीन सुरू होणं, पासवर्ड, हेडफोनचा गुंता, ‘ऐकू येत नाही’. ऐकू न येण्याची कारणं मोजली तर बहुतेक वेळा तीनच निघाली : पिन पूर्ण आत गेलेली नाही, विंडोजने दुसरंच आउटपुट धरलं आहे, किंवा पट्टी शून्यावर आहे. ही तीन कारणं याच क्रमाने छापून प्रत्येक मशीनला लावली. हात वर होणं निम्म्याने कमी झालं.

तिसऱ्या आठवड्यात रीपर उघडलं आणि आकडा पुन्हा २४ वर गेला. कोरा प्रकल्प उघडला की मुलांसमोर करड्या रंगाचं रिकामं मैदान. कंट्रोल-टीने ट्रॅक बनवा, त्याला वाद्य लावा, लाल बटणाने मुद्रणासाठी तयार करा, इनपुट निवडा, मॉनिटर (वाजवतानाच स्वतःला ऐकू येण्याची सोय) चालू करा. पाच पायऱ्या, आणि एक चुकली की शांतता. म्हणून चौथ्या आठवड्याआधी टेम्प्लेट, म्हणजे आधीच मांडून ठेवलेला प्रकल्प, बनवलं : चार ट्रॅक, नावं आणि रंग दिलेले, पहिल्यावर रीसिंथ हे रीपरबरोबर येणारं साधं सिंथ लावून, इनपुट व्हर्च्युअल कीबोर्डवर, मॉनिटर चालू, ट्रॅक तयार. प्रकल्प उघडायचा, ऑल्ट-बीने पडद्यावरचा कीबोर्ड आणायचा, अक्षर दाबायचं. आवाज. त्या दिवशी ११ मिनिटं.

संगणकाच्याच कळफलकावर सूर वाजवता येतात हे मुलांना फार आवडतं, पण एक खोच आहे. तीन सुरांचा कॉर्ड दाबला की कधी तिन्ही वाजतात, कधी दोनच. मुलं म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. साध्या कळफलकाच्या आत तारांची आडवी-उभी जाळी असते आणि काही तीन कळा एकदम दाबल्या तर चौथी ‘भुताची’ कळ दाबल्यासारखं दिसू नये म्हणून तो तिसरी कळ गाळतो. कोणते तिघं गळतात ते कळफलकागणिक बदलतं. कॉर्ड शिकवायचा असेल तर मिडी कीबोर्डच हवा, किंवा सूर एकेक करून माउसने भरायचे.

उशिराचा प्रश्नही याच आठवड्यात वर आला. कळ दाबल्यावर आवाज मागाहून येतो. मशीन आवाज छोट्या साठ्यात जमवून पुढे धाडतं, तो साठा म्हणजे बफर. बफर १०२४ नमुन्यांचा असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने तो एकटाच २३ मिलिसेकंद खातो. ५१२ ला ११.६, २५६ ला ५.८. बफर कमी केला की उशीर घटतो, पण जुन्या मशीनला दम लागतो आणि आवाज फाटतो. आम्ही मशीनवरच्या कार्डासाठी वासापी (विंडोजचीच आवाज पोचवण्याची व्यवस्था) आणि ५१२ वर थांबलो. वासापीच्या ‘एक्स्क्लुझिव्ह’ प्रकारात उशीर अजून कमी होतो, पण मग रीपर कार्ड एकट्याने ताब्यात घेतं आणि ब्राउझरचा आवाज बंद होतो. ध्वनीचे नमुने ब्राउझरमध्ये ऐकायचे असतील तर शेअर्ड प्रकारच ठेवा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ताल. बाकावरची थाप, पट्टी, डब्याचं झाकण, चुटकी असे आवाज मुलांनी मुद्रित केले आणि रीपरच्या रीसॅम्पलोमॅटिक ५००० मध्ये टाकले. या प्लगिनमध्ये (ट्रॅकवर लावायच्या छोट्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) नोटची सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे असतात. दोन्हीकडे एकच आकडा भरला की तो आवाज त्या एकाच कळीवर बसतो. चार आवाजांची चार प्लगिन एका ट्रॅकवर, चार कळांवर. झालं तालवाद्य. ‘ओबे नोट-ऑफ्स’ ची खूण काढून ठेवा, नाहीतर कळ सोडताच ठोका मधेच तुटतो.

ताल मुद्दाम सात मात्रांचा दिला. ऑल्ट-एंटरने प्रकल्पाची सेटिंग उघडते, तिथे ७/४ आणि लय ८४. हा आकडा हिशेब करून निवडलेला : मिनिटाला ८४ मात्रा म्हणजे सात मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. त्यामुळे सम ०, ५, १०, १५ सेकंदांवर पडते, आणि वरच्या पट्टीवरचे सेकंद वाचूनच मुलांना आपण समेवर आलो की नाही ते कळतं. चारचारच्या नमुन्यांवर वाढलेला कान इथे दर आवर्तनाला एक मात्रा जास्त टाकतो. ती चूक पडद्यावर दिसते, कारण दुसऱ्या आवर्तनाची सम रेघेच्या एक घर पुढे उभी असते.

इथे एक फसगत झाली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. मुलांनी मेट्रोनोम ऐकत माइकवर टाळ्या दिल्या. १६ च्या १६ जोड्यांच्या टाळ्या रेघेच्या उजवीकडे पडल्या, म्हणजे सगळी मुलं उशिरा. पहिल्या चार जोड्यांना ‘लय सांभाळा’ म्हणून झालंही. मग लक्षात आलं की सगळ्यांचा उशीर जवळपास सारखाच आहे. माणसं चुकतात तेव्हा कोणी आधी पडतं, कोणी नंतर. सगळे एकाच अंतराने चुकत असतील तर यंत्र पाहायचं. हेडफोनचा एक कान माइकला चिकटवून धरला, मेट्रोनोम लावला आणि तोच मुद्रित केला. माणूस मधे नाहीच. लाट झूम करून मोजली : प्रत्येक टिकटिक रेघेच्या ३८ मिलिसेकंद मागे, म्हणजे सुमारे १,६७६ नमुने. आवाज मशीनमधून बाहेर जायला आणि परत आत यायला लागणारा हा वेळ. प्रिफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्याखाली रेकॉर्डिंग, तिथे मॅन्युअल ऑफसेटचं घर आहे. त्यात आकडा भरायचा आणि पुन्हा तीच चाचणी करायची. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं करायचं. वेगळ्या चार मशीनचा आकडा वेगळा आला. मुलांच्या टाळ्या यानंतर रेघेच्या दोन्ही बाजूंना पडू लागल्या, आणि लय सुधारायची तर कोणाची हे तेव्हा कळलं. ही पाच मिनिटांची चाचणी पहिल्या मुद्रणाआधी करा. ती केल्याशिवाय मुलांच्या लयीवर शेरा मारू नका.

क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप रेघेवर सरकवणं, मात्र उशिरा दाखवलं, आणि १०० टक्के नाही. ताकद ६० टक्क्यांवर ठेवली की ठोका रेघेकडे सरकतो पण हात जिवंत राहतो. १०० आणि ६० एकामागून एक ऐकवा. आमच्या वर्गात या एकाच मुद्द्यावर वाद झाला, आणि निम्म्या मुलांना १०० च आवडलं.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात माइकचं मुद्रण. इंटरफेस एकच, म्हणून प्रत्येक जोडीला ६ मिनिटं. तासात पाच जोड्या, तीन तासांत पंधरा, चौथ्या तासाला उरलेली एक आणि फसलेल्या सगळ्या. मुद्रणासाठी खोलीला लागून असलेली पुस्तकांची लहान खोली घेतली. भरलेल्या कपाटांमुळे तिथे घुमत नाही. मशीन हलवायची गरज नाही : यूएसबीची केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नसते, पण माइकची एक्सएलआर केबल १० मीटरही निर्धास्त जाते. इंटरफेस मशीनजवळ, माइक आत. तोंडापासून माइक एक वीतभर. पातळी अशी की सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. मुलं आधी लाजून हळू गातात आणि दुसऱ्या ओळीला आवाज उघडतो, म्हणून पातळी दुसऱ्या ओळीवर ठरवा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येत असेल, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर आणि रीपरमधलं मॉनिटर दोन्ही चालू आहेत. रीपरमधलं बंद करा.

आठव्या आठवड्यात आपत्ती आली. सहा जोड्यांनी प्रकल्प उघडले आणि मुद्रणाच्या जागी रिकामे ठोकळे, त्यांवर ‘ऑफलाइन’ अशी खूण. मुलांनी पेनड्राइव्हवर आरपीपी (रीपरच्या प्रकल्पाची) फाइल नेली होती आणि त्यांच्या समजुतीने गाणं त्यातच होतं. आरपीपी ही साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडून दाखवली : ट्रॅकची नावं, पातळ्या, आणि ‘फाइल’ या शब्दापुढे मुद्रणाच्या वेव्ह फाइलचा पत्ता. आवाज नाही, फक्त पत्ता. घर मागच्या मशीनवर राहिलेलं. दोन जोड्यांचं मुद्रण आधीच्या मशीनच्या डी ड्राइव्हवर सापडलं, तीन जोड्यांचं दस्तऐवजांच्या फोल्डरमधल्या ‘रीपर मीडिया’त होतं आणि तो सी ड्राइव्हवर असल्याने रीस्टार्टमध्ये गेला. एका जोडीने प्रकल्पाचं नावच चुकीचं उघडलं होतं. तीन जोड्यांना पुन्हा गावं लागलं.

तेव्हापासूनचा नियम : घंटा झाली की आधी सेव्ह, मग मुद्रण. ‘सेव्ह प्रोजेक्ट ॲज’ च्या खिडकीत दोन खुणा करायच्या, प्रकल्पासाठी उपफोल्डर बनवा ही एक आणि सगळा मीडिया प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नकला ही दुसरी. प्रकल्प आधी सेव्ह केलेला असेल तर नवं मुद्रण त्या फोल्डरातच जातं. नेताना अख्खा फोल्डर न्यायचा. फाइलचं नाव वर्ग, मशीन क्रमांक आणि तारीख, रोमन अक्षरांत. ‘फायनल’, ‘फायनल खरंच’ अशी नावं फळ्यावर लिहून हद्दपार केली. जागेचा अंदाज हवा असेल तर २४ बिट, ४४,१०० दराचं एका माइकचं मुद्रण मिनिटाला ७.९ एमबी घेतं. १६ जोड्या, ८ ट्रॅक, २ मिनिटं म्हणजे साधारण २ जीबी. फसलेली मुद्रणं धरून तिप्पट.

तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे आयते तुकडे) आम्ही दहाव्या आठवड्यापर्यंत दिले नाहीत. लूप वाईट नसतात, पण ते ओढून टाकले की दहा मिनिटांत ‘छान’ वाजायला लागतं आणि मग पुढे काही बदलावंसं वाटत नाही. बाहेरचे आवाज घ्यायचे तेव्हा फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावरून घेतले. तिथे उतरवायला खातं लागतं, म्हणून ते शिक्षकाचंच ठेवलं. प्रत्येक आवाजाखाली परवाना लिहिलेला असतो : सीसी-शून्य म्हणजे काही अट नाही, बीवाय म्हणजे नाव द्यायचं, बीवाय-एनसी म्हणजे नाव द्यायचं आणि व्यवसायासाठी वापरायचं नाही. मुलांनी प्रकल्पाच्या नोंदींत आवाजाचं नाव, देणाऱ्याचं नाव आणि परवाना हे उतरवतानाच लिहायचं. शेवटी आठवून लिहू म्हटलं की कोणालाच आठवत नाही.

मिश्रणाला दोनच तास दिले, त्याहून जास्त देऊ नयेत. आवाजाच्या ट्रॅकवर रीईक्यूने (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणाऱ्या रीपरच्या प्लगिनने) ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, त्याने माइकस्टँडला लागलेले धक्के आणि पंख्याची घरघर जाते. काही ऐकू येत नसेल तर ते वाढवण्याआधी बाकीचे कमी करून पाहायचं. एकदा मोनो करून, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज ठेवून, ऐकायचं. मास्टरची, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून होणाऱ्या आवाजाची, पट्टी लाल झाली की मुलं मास्टर खाली ओढतात. ट्रॅक खाली आणायला सांगा. कंप्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी करणारं साधन) फक्त विचारणाऱ्यांना दाखवला.

मूल्यमापन चकाकीवर ठेवलं असतं तर ज्याच्या घरी संगणक आहे त्याला गुण मिळाले असते. म्हणून गाण्याबरोबर अर्धं पान मागितलं : केलेले तीन निर्णय आणि एक खोडलेली गोष्ट, कारणांसह. एका जोडीने लिहिलं, ‘तिसऱ्या आवर्तनात चुटकी काढली, कारण ती असताना गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नव्हता.’ असं एक वाक्य मिळालं की मिश्रण कसं का असेना.

तेराव्या आठवड्यात कंट्रोल-ऑल्ट-आरने रेंडर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून ऐकण्याजोगी एक फाइल. वेव्ह १६ बिट स्टीरिओ मिनिटाला सुमारे १०.६ एमबी, तेच १९२ केबीपीएस एमपीथ्री १.४४. दोन्ही घेतल्या. याशिवाय प्रत्येक ट्रॅक वेगळा, शून्यापासून सुरू होणारा असा रेंडर करून ठेवला, म्हणजे उद्या दुसरं कुठलं डीएडब्ल्यू आलं तरी ते सरळ ओढून टाकता येतील. रेंडर झालेली फाइल दुसऱ्या मशीनवर शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय जमा करून घ्यायची नाही. १६ पैकी दोन फाइल मधेच संपत होत्या, कारण रेंडरची हद्द ‘टाइम सिलेक्शन’ वर राहिली होती, ‘एंटायर प्रोजेक्ट’ वर नव्हती. आणि एकीत मेट्रोनोमसारखी टिकटिक होती. मुलांनी लयीसाठी घातलेला टाळ्यांचा ट्रॅक म्यूट करायचा राहिला होता.

चौदाव्या आठवड्यात ऐकणं, आणि आवराआवर. सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर, संमतीपत्रात लिहिलेली पुसण्याची तारीख डिस्कवर चिकटवून. ३२ पैकी २७ हेडफोन धड, पाचांच्या तारा पिनेपाशी तुटलेल्या. त्या हेडफोन धरून ओढल्याने तुटतात, पिन धरून काढल्याने नाही. पुढच्या वेळी तार सुटी होणारे घ्यायचे, थोडे महाग पडले तरी. मिडी कीबोर्ड चारही शाबूत. टेम्प्लेटची सहावी आवृत्ती डी ड्राइव्हवर आहे, प्रत्येक मशीनचा ऑफसेटचा आकडा मॉनिटरच्या मागे पेनाने लिहिला आहे.